जुन्या ओम्नीचे मिसिंग जात नसेल, तर आधी कोणता सिलिंडर चुकतो ते शोधावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मालवणात असलेली 1994ची ओम्नी, कार्ब्युरेटर आणि पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा संपर्क). पावसाळ्यात मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरचे मधूनमधून न पेटणे, सुरू झाले आणि पाऊस संपला तरी गेले नाही. सकाळी सुरू करताना आणि नारळ भरून फोंडा घाट चढताना गाडी धक्के देते, सपाटीवर मात्र बरी चालते. प्लग दोनदा बदलले, कार्ब्युरेटर साफ करून झाला. प्रत्येक वेळी काही दिवस बरे वाटले आणि दोष परत आला. आता मेकॅनिक इंजिन खोलायला सांगत आहेत. रत्नागिरीत माझे अनेक वर्षे गॅरेज होते आणि या इंजिनाची पुष्कळ कामे मी केलेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नका. आपण दिलेली लक्षणे बहुतेक करंटच्या गळतीची आहेत.

गाडी सपाटीवर बरी आणि चढणीवर वाईट का चालते, हे आधी पाहू. चढणीवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरते आणि ठिणगी पडायच्या क्षणी आतला दाब वाढलेला असतो. दाब जितका जास्त, तितका प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतो. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल तो देऊ पाहते, पण प्लग वायरच्या रबरात, डिस्ट्रिब्युटरच्या (करंट तिन्ही प्लगना वाटून देणाऱ्या भागाच्या) कॅपमध्ये किंवा प्लगच्या चिनी मातीवर त्याहून सोपी वाट मिळाली की करंट तिकडून इंजिनाच्या धातूत उतरतो आणि तो सिलिंडर रिकामा जातो. सपाटीवर कमी व्होल्टेज पुरतो, म्हणून तीच वायर तिथे निर्दोष वाटते. याउलट जे मिसिंग फक्त आयडलला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेव्हा) जाणवते आणि रेस दिली की जाते, त्याचे कारण सहसा मॅनिफोल्डची (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीची) हवा खेचणारी गॅस्केट, टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाची) गॅप किंवा आयडल जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे बारीक छिद्र) हे असते.

पाऊस संपल्यावरही दोष का राहिला, याचे उत्तर किनाऱ्याच्या हवेत आहे. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली, खालून उघडे असते. रस्त्याचे पाणी आणि खारी हवा थेट वायरींवर येते आणि मिठाचा पातळ थर बसतो. हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून ओले होते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याआधीच ओलसर होऊ लागते. मालवणात रात्री ही पातळी पावसाळ्याबाहेरही सहज गाठली जाते. म्हणून सकाळी त्रास होतो आणि इंजिन तापून वायरी सुकल्या की कमी होतो. यात एक गोष्ट गॅरेजमध्ये नेहमी चुकते: वायरी आणि कॅप पेट्रोलच्या फडक्याने पुसल्या जातात. पेट्रोलमध्ये मीठ विरघळत नाही. तेलकटपणा जातो आणि मीठ तिथेच राहते. वायरी काढून आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसाव्यात, मग कोरड्या फडक्याने, आणि उन्हात पूर्ण वाळू द्याव्यात.

आता सिलिंडर शोधण्याकडे येतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक बंद पडला की एकतृतीयांश ताकद जाते, त्यामुळे शोध तुलनेने सोपा असतो. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिच्या टोकाला एक जादा प्लग लावा आणि त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनावर पक्का टेकवून ठेवा. वायर उघडी लोंबकळू देऊ नका, नाहीतर कॉइलवर ताण येतो. मग इंजिन सुरू करून पाहा. चांगल्या सिलिंडरची वायर काढली तर इंजिन लगेच लंगडेल किंवा बंद पडेल. आधीच मेलेल्या सिलिंडरची काढली तर काहीच फरक पडणार नाही. आपला दोष आयडलला दिसतच नसेल, तर भरलेली गाडी चढणीवर न्या, मिसिंग सुरू झाल्यावर जागा पाहून सुरक्षित बाजूला थांबा आणि आयडलला फार न ठेवता इंजिन बंद करा. थंड झाल्यावर तिन्ही प्लग काढून क्रमाने ठेवा. जळणाऱ्या सिलिंडरचे प्लग फिक्या तपकिरी रंगाचे असतील. चुकणाऱ्याचा प्लग काळा, पेट्रोलने ओला निघेल.

एकच प्लग तसा निघाला, तर तो प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा आणि बाकी काहीही हलवू नका. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. नाही सरकला, तर दुसऱ्या फेरीत वायरीची अदलाबदल करा. एका वेळी एकच बदल, ही शिस्त फार महत्त्वाची आहे. प्लग, वायर आणि जेट एकाच दिवशी बदलले की गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कळत नाही, आणि दोष परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

प्लग काढल्यावर त्याची बाहेरची पांढरी चिनी माती उजेडात फिरवून पाहा. तिच्यावर वरून खाली उतरणारी, केसाएवढी काळी रेघ असेल, तर ठिणगी आत न जाता बाहेरून उतरत आहे. मग त्याच वायरीचे रबरी टोपण टॉर्च लावून आतून पाहा. तिथे त्या रेघेची जोडीदार रेघ सापडेल. नवे प्लग दोनदा टाकूनही दोष परतला, त्याचे सर्वांत संभवनीय कारण मला हेच वाटते: जुन्या टोपणातली जळकी रेघ नव्या प्लगवर थोड्याच दिवसांत स्वतःची खूण उमटवते. अशा वेळी प्लग आणि वायर एकत्रच बदलावे लागतात. नवी वायर बसवताना टोपणाच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. साधे ग्रीस रबर फुगवते.

डिस्ट्रिब्युटर कॅपचीही अशीच तपासणी करा. कॅपच्या आत दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक रेघ दिसली, तर कॅप बदलावी. ती रेघ घासून काढण्याचा उपयोग होत नाही, कारण जळलेला मार्ग कॅपच्या अंगातच गेलेला असतो. कॅपखाली फिरणारा रोटरही सोबत बदलावा. आधी कुठे पेट्रोल गळत नाही याची खात्री करून, रात्री पूर्ण अंधारात इंजिन चालू ठेवा आणि झाडांवर पाणी मारण्याच्या पंपाने वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा सोडा. गळती असेल तर निळसर धागे उडताना दिसतात आणि टिक-टिक ऐकू येते. हात मात्र लांब ठेवावा; हा झटका गंभीर असू शकतो.

तिन्ही सिलिंडर आलटून पालटून चुकत असतील, तर दोष तिघांना सामाईक असलेल्या जागी आहे. पॉइंट निळे पडून एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ झाले असेल, तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा डबा) संशयित. तासभर चालल्यावरच दोष येत असेल, तर कॉइल. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा: बुश झिजला असेल तर पॉइंटची गॅप प्रत्येक फेरीत बदलते आणि कितीही नीट लावली तरी टिकत नाही. इंजिन आणि बॉडी यांमधली अर्थिंगची पट्टी किनाऱ्यावर हमखास गंजते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाला एक जाड केबल तात्पुरती जोडून फरक पडतो का ते पाहावे.

पेट्रोलचाही विचार करावा लागेल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि 1994चा कार्ब्युरेटर त्यासाठी बनवलेला नाही. इथेनॉलच्या वजनात सुमारे 35 टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेच जेट ठेवले तर मिश्रण पातळ पडते आणि भार आला की गाडी दम तोडते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. अर्धी टाकी पावसाळाभर राहिली, तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून काही तास ठेवा; दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल. फिल्टर आणि जुन्या रबरी नळ्या त्याच वेळी बदला, कारण इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवते.

एवढे सगळे ठीक निघाले आणि एकच सिलिंडर हट्टाने चुकत राहिला, तरच कॉम्प्रेशन मोजायचे. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, कॉइलची जोडणी सोडवलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी चार्ज केलेली, अशा स्थितीत मापन घ्यावे. आकड्यापेक्षा तिघांमधला फरक महत्त्वाचा असतो. एक बराच कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत. तसाच राहिला तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा आहे. लागून असलेले दोन सिलिंडर एकदम कमी आले, तर त्यांच्या मधली हेड गॅस्केट फुटलेली असू शकते. गाडी पूर्वी कधी गॅसवर चालली असेल, तर हेड उतरवण्याआधी टॅपेट तपासून घ्या. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, गॅप नाहीशी होते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. वेळेत सापडले तर नुसती गॅप लावून भागते. व्हॉल्व्ह जळलेला असला तरी काम हेडपुरतेच राहते. खालचे इंजिन खोलण्याचे कारण फक्त ऑइल टाकल्यावर आकडा चढला तरच उरते.