वाचकांचे प्रश्न : जैन घरातला मुलगा फौजेत गेला तर?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही सांगली जिल्ह्यातले जैन, घरची शेती आहे. धाकट्याचं एनडीएत सिलेक्शन झालंय, सगळे खूश, पण आमच्या आईने अबोला धरलाय, म्हणते मुंगीसुद्धा मारू नको म्हणून वाढवला आणि आता हा बंदूक घेणार. मेहुणा म्हणतो युद्धात मेलं की डायरेक्ट स्वर्ग, पाप कसलं त्यात. आपला धर्म नक्की काय सांगतो?

उत्तर : आधी पोराचं अभिनंदन! मेहुणे बोलतायत ते गीतेतलं, दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो की मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वीचं राज्य. जैनांकडे हे चालत नाही. भगवतीसूत्रात (श्वेतांबरांचा आगम म्हणजे धर्मग्रंथ आहे, तुम्ही दिगंबर असाल तर तुमच्याकडे मानत नाहीत, पण गोष्ट ऐकाच) महावीरांचा शिष्य गौतम त्यांना सेम हेच विचारतो, लोक म्हणतात रणात पडलेला स्वर्गात जातो, खरं का? महावीर सरळ म्हणतात खोटं आहे. मग ते वैशालीच्या वरुणाची गोष्ट सांगतात. हा व्रती श्रावक, म्हणजे व्रतं पाळणारा गृहस्थ जैन, राजाचा हुकूम म्हणून लढाईला गेला पण नियम करून गेला की आपल्यावर जो आधी वार करेल त्यालाच मारायचं, आणि तसंच झालं, समोरच्याचा बाण लागला, मग याने त्याला मारलं, रथ बाजूला नेला, दर्भावर बसून सगळ्या हिंसेचा त्याग केला आणि मग बाण उपसून प्राण सोडला. देवांनी फुलं टाकली ती या शेवटच्या त्यागासाठी, लोकांना वाटलं लढून मेला म्हणून!

आता मुलाचं. हिंसा चार प्रकारची मानतात, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाने सोडायची ती संकल्पी, म्हणजे ठरवून मुद्दाम केलेली. स्वयंपाक-झाडलोटीसारख्या घरकामात होते ती आरंभी, तुमच्या नांगराखाली जीव मरतात ती उद्योगी, आणि हल्ला परतवताना होते ती विरोधी, ती साधूला चालत नाही पण श्रावकाला बंदी नाही. बंदी नाही म्हणजे कर्म लागत नाही असं मात्र नाही हं, आणि इथे तुमची आई मेहुण्यांपेक्षा धर्माच्या जास्त जवळ आहे असं माझं स्पष्ट मत.

तरी आईंना कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळची आठवण करून द्या. ती ५७ फुटी मूर्ती 981 च्या सुमारास उभारली चावुंडरायाने, तो गंग राजांचा सेनापती, ‘समरधुरंधर’ वगैरे पदव्या मिरवणारा पक्का लढवय्या. पायाशी आपल्या मराठीतच कोरलंय, ‘श्रीचावुंडराजें करवियलें’. आणि मूर्ती कोणाची, तर बाहुबलीची, ज्याने दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध तिन्हीत थोरल्या भावाला, भरताला हरवलं (दोन्ही सैन्यं नुसती बघत उभी, मंत्र्यांनीच तसं ठरवलेलं) आणि जिंकलेलं राज्य तिथेच सोडून निघून गेला.