कफाचं औषध स्नायूंच्या दाहावर चालेल का?

प्रश्न : माझ्या बहिणीला डर्मॅटोमायोसायटिस (त्वचा आणि स्नायूंचा दाह) आहे. पापण्यांवर जांभळट चट्टे, बोटांच्या सांध्यांवर लालसर पुटकुळ्या, आणि खुर्चीतून उठायलाही हाताचा आधार लागतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज आणि प्रतिकारशक्ती आवरणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा चालू आहे. कफ पातळ करणारं ॲसिटिलसिस्टीन या आजारावर गुणकारी ठरतं, असं वाचलं. ६०० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी सुरू करू का?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वाचलेलं निराधार नाही, पण ते अजून उंदरांपुरतं आहे.

हे औषध कफातल्या प्रथिनांना जोडणारे गंधकाचे बंध तोडतं, म्हणून कफ सैल होतो. शिवाय त्यातून पेशींना सिस्टीन हे अमिनो आम्ल मिळतं आणि त्यापासून ग्लुटाथायोन, म्हणजे घातक ऑक्सिजन-संयुगं निकामी करणारा पदार्थ, बनतं. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत यकृत वाचतं ते याच गुणामुळे. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये इंटरफेरॉन या प्रतिकारयंत्रणेच्या प्रथिनामुळे स्नायूपेशींतल्या मायटोकाँड्रिया (पेशींची ऊर्जाकेंद्रं) बिघडतात, त्यांतून अशीच घातक ऑक्सिजन-संयुगं सुटतात आणि ती दाह धुमसत ठेवतात. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे चक्र दाखवलं. स्नायूदाह घडवलेल्या उंदरांना ॲसिटिलसिस्टीन दिल्यावर दाह आणि अशक्तपणा दोन्ही आटोक्यात राहिले.

मात्र उंदरांवरचं यश माणसांत टिकेलच असं नाही. याच औषधाकडून फुप्फुसं कडक होण्याच्या एका आजारात (आयपीएफ) मोठी आशा होती. दिवसातून तीनदा ६०० मिलिग्रॅम, ६० आठवडे दिलं. २०१४ मध्ये निकाल आला तेव्हा फुप्फुसांची क्षमता घसरण्याचा वेग डमी गोळीइतकाच होता. तो आजार वेगळा, पण धडा इथेही लागू आहे.

बहिणीच्या बाबतीत आम्हाला खरी काळजी वाटते ती खोकल्याची. या आजारात घशाचे आणि श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. कफ पातळ झाला, पण तो खोकून बाहेर काढायची ताकद नसेल, तर तो छातीतच साचतो. जेवताना ठसका लागणं, पाणी नाकातून येणं, आवाज घोगरा होणं यांपैकी काही असेल तर आधी ते डॉक्टरांना सांगा. नवा कोरडा खोकला किंवा चालताना धाप लागत असेल तर कफाच्या औषधावर वेळ घालवूच नका. या आजारात फुप्फुसांनाही सूज येते आणि तिला वेगळे, तातडीचे उपचार लागतात.

डॉक्टरांनी गोळी दिलीच, तर फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असतं हे लक्षात ठेवा. स्टेरॉइडमुळे आधीच अंगात पाणी साठतं, रक्तदाब वाढतो. छातीदुखीसाठी नायट्रोग्लिसरीन घेणाऱ्यांचा रक्तदाब याने एकदम उतरू शकतो. दमा असेल तर तेही सांगा. आणि या गोळीच्या भरवशावर प्रेडनिसोलोन कमी करू नका. ते अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : गोळीचं पाकीट उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. गोळी खराब झाली का?

उत्तर : नाही, तो गंधकाचा वास आहे. मुदत पाहा, गोळी अर्धा पेला पाण्यात पूर्ण विरघळवा आणि लगेच प्या.