पाड्याचा आकडा वेगळा काढा

प्रश्न : आमचं गाव म्हणजे गावठाण आणि चार पाडे. अंगणवाडीच्या अहवालात कुपोषण फारसं दिसत नाही, पण ओढ्यापलीकडच्या पाड्यावरची मुलं सारखी आजारी असतात. ग्राम आरोग्य समितीचा सदस्य म्हणून हे कसं दाखवून देऊ?
– एक वाचक, धडगाव तालुका

उत्तर : गावाचा एकच आकडा काढला की पाडा त्यात बुडतो. समजा, सहा महिने ते पाच वर्षांची १२० मुलं आहेत आणि त्यांत ६ तीव्र कुपोषित, म्हणजे ५ टक्के. पण पाड्यावरच्या २० मुलांतच ४ असतील तर तिथे २० टक्के होतात, उरलेल्या गावात २.

फक्त हजेरीवर विसंबू नका. ओढा भरला की वजनाच्या दिवशी पाड्यावरची मुलं येत नाहीत, आणि न आलेलं मूल मोजलंच जात नाही. आशाताईंना घेऊन घरोघर यादी करा. मजुरीला बाहेर गेलेल्या घरांची मुलंही ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून यादीत ठेवा. परतल्यावर त्यांना आधी मोजा.

कुपोषण ओळखायला दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, मोजा; तो डाव्या हाताचा घ्या. कोपर वाकवून खांदा आणि कोपर यांच्या मधोमध खूण करा, मग हात सैल सोडून पट्टी लावा. आवळली तर कातडीला वळी पडते आणि घेर कमी भरतो. ११.५ सेंमीच्या खाली तीव्र, तिथपासून १२.५च्या आत मध्यम. दोन्ही पावलं अंगठ्याने ३ सेकंद दाबून पाहा. दोन्हींवर खड्डा राहिला तर दंडघेर कितीही भरो, मूल त्याच दिवशी दवाखान्यात न्या. काही रोड मुलं दंडघेरात निसटतात, म्हणून सेविकाताईंकडून वजन-उंचीही घ्या.

वीस मुलांत एक मूल म्हणजे ५ टक्के. म्हणून नुसते टक्के सांगू नका; ‘२० पैकी ४’ असं लिहा आणि तीन महिने सलग मोजा. शेजारी रकाने हवेत : घरपोच आहार मिळाला का, लस कोणती राहिली, ओढ्यावरची वाट किती दिवस बंद होती. हे रकाने नसले की सगळा दोष आईच्या माथी मारला जातो, आणि तो अन्याय आहे.

ग्रामसभेत मुलांची नावं वाचू नका, पाड्याचे आकडेच मांडा. मागणी नेमकी असू द्या : पुढचा ग्राम आरोग्य व पोषण दिन त्या पाड्यावरच घ्यावा. तसा ठराव करून प्राथमिक आरोग्य केंद्राकडून पोच घ्या.