अलार्म पॅनेलला वायरलेस एक्स्पांडर कसा जोडायचा?

पॅनेल वायरचं आहे आणि दारा-खिडक्यांना वायरलेस सेन्सर लावायचे आहेत, असं तुम्ही विचारलंय. वायरलेस एक्स्पांडर म्हणजे या सेन्सरांचे सिग्नल पकडून पॅनेलला पोचवणारं मॉड्यूल. वायरिंग सोपं आहे, पण जागेची निवड चुकली की पुढे कायमचा त्रास होतो.

आधी पॅनेलचा मेन सप्लाय बंद करा आणि बॅटरीची वायरही काढा. बॅटरीचं बरेच जण विसरतात, आणि चालू बसवर (पॅनेलला कीपॅड आणि मॉड्यूल जोडणाऱ्या सामायिक वायरांवर) काम करताना स्क्रू-ड्रायव्हर घसरला तर बोर्ड जळू शकतो.

एक्स्पांडरला सहसा चार टर्मिनल असतात: प्लस, मायनस आणि डेटाच्या दोन. ती पॅनेलच्या कीपॅड बसवरच्या त्याच नावाच्या टर्मिनलला जोडायची. नुसत्या रंगावर विसंबू नका, बोर्डावर छापलेलं वाचा. मॅन्युअलमध्ये मॉड्यूल किती मिलिअँपिअर घेतं ते बघा. कीपॅड वगैरे धरून बेरीज पॅनेलच्या मर्यादेत हवी, नाहीतर वेगळा १२ व्होल्टचा सप्लाय द्या आणि दोन्हींचे मायनस एकत्र जोडा.

एक्स्पांडर लोखंडी पेटीत मुळीच ठेवू नका, सिग्नल आतच अडकतो. सेन्सरांच्या साधारण मध्यावर, उंचावर, विजेच्या बोर्डापासून आणि वायफाय राउटरपासून लांब ठिकाण निवडा. स्क्रू मारण्याआधी तात्पुरता टेपने चिकटवा, सेन्सर त्यांच्या खऱ्या जागी ठेवा आणि सिग्नल टेस्ट घ्या. सेन्सर हातात धरून घेतलेली टेस्ट फसवी असते. लोखंडी चौकटीवर बसवल्यावर तोच सेन्सर कमी सिग्नल दाखवतो.

शेवटी प्रत्येक सेन्सरचा सिरियल नंबर पॅनेलच्या झोनमध्ये (सेन्सरला दिलेल्या क्रमांकाच्या जागेत) नोंदवा आणि सुपरव्हिजन, म्हणजे सेन्सर अधूनमधून हजेरी देतो का ते तपासणं, चालू ठेवा. त्यामुळे सेन्सर गप्प झाला तर पॅनेल स्वतःच कळवतं.