वाचकांचे प्रश्न: सोलची मंडळी एवढी वाढली कशी?

प्रश्न: ताई, सलाम. आम्ही जालन्याचे, मिशन कंपाउंडातच लहानाचे मोठे झालो. माझा थोरला मुलगा पुण्याला एका कोरियन कंपनीत लागलाय, सध्या ट्रेनिंगला सोलला आहे. रविवारी तो तिथल्या चर्चला गेला अन् व्हिडिओ कॉलवर दाखवलं, बाप रे, एका भक्तीला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, हजारो माणसं, ती उठली की लगेच दुसरी भक्ती. आमचं देऊळ नाताळाला भरतं, एरवी मागचे बाक रिकामे. मिशनरी तर आपल्याकडं अगोदर आले ना? मग त्यांची मंडळी वाढली अन् आपली का नाही? लई मनाला लागलंय म्हणून लिहिलं.
– एक वाचक, जालना

उत्तर: भाऊ, सलाम. हो, आपल्याकडं अगोदर आले. अमेरिकन मिशनरी अंडरवूड साहेब कोरियात उतरले १८८५ ला, तोवर तुमच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींचं बेथेल हे ख्रिस्ती गाव वसलेलं होतं. पण कोरियात मिशनरी पोचायच्या अगोदर पुस्तक पोचलं होतं बघा. जॉन रॉस नावाचे स्कॉटिश मिशनरी शेजारच्या चीनमधल्या मांचुरियात होते, त्यांनी कोरियन माणसांना हाताशी धरून १८८२ ला बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान छापलं, अन् तेही पंडितांच्या चिनी अक्षरात नाही तर कोरियनच्या स्वतःच्या हंगुल लिपीत, जी शिकलेली माणसं बायकापोरांची म्हणून बाजूला ठेवायची. सो सांग-र्युन नावाचा माणूस ही पुस्तकं लपवून सरहद्दीपार घेऊन गेला. म्हणून १८८७ ला सोलमधी सेमुनान मंडळी सुरू झाली तेव्हा १४ जण होते, अन् त्यातले बहुतेक साहेबाचं भाषण ऐकून नाही, तर त्या पुस्तकांमुळं नि आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकून आलेले.

मग १८९० ला नेव्हियस नावाचे चीनमधले मिशनरी सोलला दोन आठवडे येऊन गेले. त्यांचं म्हणणं एवढंच की देऊळ गावानं बांधावं, पाळकाचा पगार मंडळीनं द्यावा, अन् ज्याला कळलं त्यानं शेजाऱ्याला सांगावं, परदेशातल्या पैशाची वाट बघू नये. तिथल्या तरुण मिशनऱ्यांनी ते मनावर घेतलं. मला विचाराल तर सगळं इथंच आहे. कोरियन बाया रोज भात शिजवायला तांदूळ काढताना त्यातलाच थोडा देवळासाठी वेगळा ठेवायच्या, अन् रविवारी ती थैली घेऊन यायच्या. माझ्या आईचा पण चुलीजवळ एक डालड्याचा डबा होता, भाकरीचं पीठ घेताना त्यात एक मूठ टाकायची, म्हणायची हे देवाचं आहे, हात लावू नका, त्यामुळं त्या थैलीचं वाचलं तेव्हा मला आई आठवली. अन् ज्यांच्याकडं तांदूळही नव्हता ते दिवस अर्पण करायचे, म्हणजे वर्षातले अमुक दिवस मी गावोगाव जाऊन शुभवर्तमान सांगीन असं लिहून द्यायचे. आपल्याकडं शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, पाळकाचा पगार पण मिशनचा, त्या लोकांनी जीव ओतून केलं, माझा जन्मच मिशन दवाखान्यातला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण मूठ आपली नव्हती भाऊ.

आता सगळा दोष आपल्या मंडळीवर टाकू नका. कोरियावर राज्य जपानचं होतं, त्यामुळं ख्रिस्ती होणं म्हणजे राज्यकर्त्याचा धर्म घेणं असं तिथं कुणी म्हणू शकत नव्हतं, उलट १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ३३ सह्या होत्या त्यातल्या १६ ख्रिस्ती माणसांच्या. आपल्या माणसाला मात्र साहेबाच्या धर्मात गेला हेच ऐकावं लागलं, अन् वर जात आडवी आली. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानंतर तर ख्रिस्ती झालेल्या दलिताची सवलतच गेली, मग आपल्याकडची किती घरं कागदावर एक अन् रविवारी एक अशी जगतात हे तुम्हाला काय सांगायचं. ती माणसं कुठल्याच मोजणीत येत नाहीत.

अन् सोलची आजची गर्दी बरीचशी जपानचं राज्य गेल्यानंतरची. १९४५ ला उत्तरेकडून पळून आलेल्या २७ जणांनी यंगनाक मंडळी सुरू केली. १९५८ ला गरीब वस्तीत मोजक्या माणसांवर एक मंडळी सुरू झाली, तीच पुढं सोलच्या योइदो भागातली, कित्येक लाखांची. तिचे पाळक चो १९६४ च्या सुमारास आजारानं कोसळले, तेव्हा त्यांनी घरोघरच्या प्रार्थना सभा बायकांच्या हाती दिल्या, अन् त्या काळात बाईनं शिकवायचं हेच तिथं लोकांना पटत नव्हतं. त्या बायांनीच मंडळी वाढवली. पण त्याच पाळकांना २०१४ ला मंडळीच्या पैशाच्या प्रकरणात कोर्टानं दोषी ठरवलं, हेही मुलाला माहीत असू द्या. २०१५ च्या जनगणनेत तिथं प्रोटेस्टंट साधारण पाचात एक, अन् निम्म्याहून जास्त लोकांनी कुठलाच धर्म नाही असं सांगितलं, म्हणजे त्यांचे पण बाक रिकामे होऊ शकतात.

मुलाला सांगा, रविवारची गर्दी बघितलीस, आता एखाद्या दिवशी पहाटेच्या प्रार्थनेला जा. आपल्याकडं काकड आरतीला जातात तशी तिथली माणसं अंधारात, थंडीत देवळात येऊन बसतात अन् मग कामाला जातात. अन् तुमच्या मंडळीतल्या बायांना विचारा, आठवड्यात एक सभा कुणाच्या घरी घेता येईल. पहिली तुमच्या घरी घ्या, चहा वहिनींना फार करू देऊ नका, सभा त्यांनाच चालवू द्या.