वाचक विचारतात : खाडीतला चिखल आणि दूरचे पाहुणे

प्रश्न : भराव घातला की किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं नुकसान होतं, असं वाचतो. पण त्यांना पंख आहेत. एक खाडी बुजली तर शेजारच्या खाडीत जातील की! – एक वाचक, ठाणे

उत्तर : दक्षिण कोरियातल्या सेमांगुमला नेमकं हेच पडताळून झालं आहे. तिथे २००६ साली ३३ किलोमीटरची भिंत पुरी झाली आणि सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा पट्टा आत अडकला. भरती-ओहोटी तुटली, शिंपले मेले, आणि त्यांच्यावर जगणारे ग्रेट नॉट पक्षी झपाट्याने घटले. आसपासच्या खाड्यांत ते तेवढ्या प्रमाणात वाढले नाहीत. उलट वायव्य ऑस्ट्रेलियात, जिथे ते वर्षाचा मोठा काळ काढतात, तिथलीही मोजणी खाली आली.

गोम वेळापत्रकात आहे. ऑस्ट्रेलियातून पाच हजारांहून अधिक किलोमीटर न थांबता उडून पक्षी चीन आणि कोरिया यांच्यामधल्या पीत समुद्रावर उतरतो, तेव्हा अंगातली चरबी संपलेली असते. काही आठवड्यांत ती पुन्हा साठवून सैबेरिया गाठायचा असतो. शेजारची खाडी मोकळी वाटते, पण तिथे जेवढे शिंपले तेवढी तोंडं आधीच बसलेली असतात. चीनने २०१८ साली व्यापारी भरावांना चाप लावला आणि २०१९ साली याच समुद्रावरचा यांचंगचा किनारा जागतिक वारसा यादीत गेला. चांगलं झालं. बुजलेला चिखल मात्र त्याने परत येत नाही.

प्रश्न : आमचं मंडळ खाडीच्या उघड्या चिखलात तिवरांची दोन हजार रोपं लावणार आहे. पाणपक्ष्यांना मदत होईल ना? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : उघड्या चिखलात नका लावू. ओसाड दिसणारा तो चिखल म्हणजे या पक्ष्यांचं ताट आहे. चिखल्या धावत जाऊन नजरेने किडा टिपतो, कोरल लांब चोच खोलवर खुपसून खेकडा काढतो. दोघांनाही मोकळी जागा लागते. झाडी वाढली की ससाणा येताना दिसत नाही, म्हणून थवे ती जागा सोडतात.

शिवाय रोपं बहुधा मरतील. भरती पूर्ण चढल्यावर तीन तासांनी जागेवर जाऊन पाहा. ती अजून पाण्याखाली असेल, तर मध्य समुद्रपातळीच्या खाली आहे. तिथे रोप रोज इतका वेळ बुडतं की मुळांना हवा पुरत नाही, खोडाला बार्नॅकल म्हणजे कवचवाले समुद्री जीव चिकटतात आणि त्यांच्या वजनाने ते आडवं होतं. जगातल्या कितीतरी लागवडी अशाच वाया गेल्या आहेत, आणि फोटो मात्र लावणीच्या दिवसाचेच छापून येतात.

हौस असेल तर जुनं खाजण शोधा, जिथे पूर्वी तिवरं होती आणि बांधामुळे किंवा बुजलेल्या मोरीमुळे पाणी अडलं आहे. वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी बोलून आधी ती मोरी मोकळी करून घ्या. पाण्याची ये-जा सुरू झाली की बिया आपसूक वाहत येतात. पुष्कळदा एकही रोप लावावं लागत नाही.

आणि उधाणाच्या भरतीला चिखल बुडाल्यावर थवे कुठे बसतात, तेही हेरून ठेवा. मिठागराचा आगर असेल, एखादा सपाट कातळ असेल. ताटाइतकीच ती बसायची जागाही राखायला हवी. टिलव्यासारख्या चिमुकल्याला तिथे दोन-तीन सेंटीमीटरच पाणी चालतं.

प्रश्न : रशियात चमच्यासारख्या चोचीच्या तुतवाराची अंडी उचलून माणसं पिल्लं वाढवतात. आईबापांशिवाय त्यांना स्थलांतराची वाट कोण दाखवणार? – एक वाचक, पुणे

उत्तर : कुणी दाखवावी लागत नाही. या कुळातल्या बहुतेक पक्ष्यांत मोठे आधी निघून जातात आणि पिल्लं मागून स्वतःच वाट काढतात. पिल्लू जन्मल्या दिवसापासून स्वतःच टिपून खातं. बाप फक्त ऊब देतो आणि धोक्याची हाक घालतो. म्हणून तर ही युक्ती जमते. घास भरवावा लागणाऱ्या पक्ष्यांत ती इतकी सोपी नसती.

रशियाच्या ईशान्य टोकाला, चुकोत्कातल्या मेनिपिल्गिनो गावाजवळ २०१२ पासून हे काम सुरू झालं. घरट्यातली चार अंडी उचलून यंत्रात उबवतात, पिल्लं वरूनही जाळी असलेल्या कुंपणात ठेवतात आणि तीनेक आठवड्यांनी उडता येऊ लागलं की सोडतात. अंडी लवकर उचलली तर जोडी पुन्हा घालते, हा वरचा फायदा. एरवी कोल्हे, शिकारी पक्षी आणि थंड पाऊस यांतून एका जोडीचं वर्षाला सरासरी एकही पिल्लू उडण्याइतकं मोठं होत नाही.

पण यातून फक्त वेळ मिळतो. हे तुतवार हिवाळा काढायला जातात त्या म्यानमारच्या मोत्तमा आखातात पक्षी पकडायला जाळी लावली जात. ती लावणाऱ्यांना मासेमारीचं सामान आणि जनावरं देऊन दुसरा धंदा मिळवून दिला नसता, तर इकडे वाढवलेलं तिकडे जाळ्यात गेलं असतं.

प्रश्न : पक्ष्याच्या पायावर प्लॅस्टिकची पट्टी दिसली तर? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : पक्षी ओळखता यावा म्हणून अभ्यासक ती बांधतात. पट्टीचा रंग, त्यावरची अक्षरं, पाय डावा की उजवा, सांध्याच्या वर की खाली, आणि दोन पट्ट्या असल्यास वरून खाली क्रम एवढं टिपा. डावा म्हणजे पक्ष्याचा डावा, तुमचा नव्हे; सर्वात जास्त घोळ इथेच होतो. अक्षरं पुसट असतील तर अंदाजाने लिहू नका, जागा कोरी सोडा. तारीख, ठिकाण आणि फोटोसह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. फोटोसाठी थवा उठवू नका. ऊन पाठीवर घेऊन एका जागी बसलात, तर भरती चढू लागल्यावर पक्षी चरत चरत आपणच जवळ येतात.