ग्रुपमधली ओळख कामाला कशी येते?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. उद्योजकांच्या सात-आठ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये रोज सकाळी व्हिजिटिंग कार्डाचा फोटो टाकतो. एकही एन्क्वायरी येत नाही. काय चुकतंय?
– एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : कार्ड टाकणं आजच थांबवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये 1024 जण मावतात. त्या गर्दीत कार्डाचा फोटो कुणी उघडूनही बघत नाही. काम देणाऱ्याला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात : याला काम येतं का, आणि याचं मशीन सध्या मोकळं आहे का.

पहिली गोष्ट तुमच्या उत्तरांतून दिसते. समजा कुणी विचारलं, ‘ईएन ८ चा लांब शाफ्ट टर्न करताना चॅटर मार्क येतायत.’ (म्हणजे ईएन ८ पोलादाचा लांब दांडा लेथवर कापताना त्यावर थरथरीचे व्रण उठतायत.) त्यावर ‘कॉल करा’ एवढंच लिहू नका. लिहा, ‘टेलस्टॉकचा आधार दिलाय का? दिला असेल तर कमी नोज रेडियसचा इन्सर्ट लावा, आरपीएम थोडा उतरवा. तरी आले तर स्टेडी लावावी लागेल.’ दुसऱ्या दिवशी ‘फरक पडला का?’ असं आवर्जून विचारा. ग्रुपमध्ये कधीच तोंड न उघडणारे परचेसवाले हे सगळं वाचत असतात. पुढे काम निघालं की त्यांना तुमचं नाव आठवतं.

दुसरी गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा : ‘800 बाय 500 टेबलाचा व्हीएमसी, सोमवारपासून दुसरी शिफ्ट मोकळी. अ‍ॅल्युमिनियमचे लहान लॉट घेऊ.’ (व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन.) ‘सर्व प्रकारची कामे केली जातील’ या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही. आणि सात-आठ ग्रुप सांभाळणं कुणालाच जमत नाही. तुमच्या कामाचं बोलणं जिथे होतं असे दोन ठेवा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा त्याच्या पार्टचा फोटो परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. चाकणच्या वाहन कंपन्यांच्या साखळीत काम मिळवायचं असेल तर हे फारच जपावं लागतं. जो दुसऱ्याचा पार्ट दाखवतो तो उद्या आपलाही दाखवेल, हे समोरच्याला लगेच कळतं.

प्रश्न : मुलीसाठी 2019 मध्ये अकाउंट्सची नोकरी सोडली. आता परत सुरुवात करायची आहे, पण ग्रुपमध्ये बोलायला संकोच वाटतो. मधली वर्षं कशी सांगू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सरळ सांगा. लिंक्डइनवर 2022 पासून करिअर ब्रेकची वेगळी नोंद करता येते, ती करा. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही, हे मी अगदी मनापासून लिहितेय. खरा प्रश्न आहे तो मधल्या काळात बदललेल्या नियमांचा. तुम्ही थांबलात तेव्हा जीएसटीआर-2बी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं किती क्रेडिट मिळेल ते दाखवणारं विवरण, नव्हतं; ते 2020 मध्ये आलं. ई-इनव्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) त्याच वर्षी सुरू झालं आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं. आधी हे नीट वाचून घ्या.

मग वेळ साधा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 ची (विक्रीचा तपशील) नेहमीची मुदत 11 तारीख, जीएसटीआर-3बी ची (कर भरण्याचं रिटर्न) 20. त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत दुकानदारांच्या आणि लहान उद्योजकांच्या ग्रुपमध्ये प्रश्नांचा पाऊस पडतो : पुरवठादाराचं बिल 2बी मध्ये दिसत नाही, क्रेडिट घेऊ का? खात्रीचं तेवढंच लिहा. चुकीच्या उत्तरापायी कुणाला 18 टक्के व्याज भरावं लागू शकतं. ‘हे बघून संध्याकाळी सांगते’ म्हणा, आणि संध्याकाळी खरंच सांगा.

प्रश्न : हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. लिंक्डइनवर सीनियर मंडळींना ‘हाय सर’ लिहितो, कुणी उत्तर देत नाही. अनोळखी माणसांकडून काही मिळतं तरी का?
– एक वाचक, वाकड

उत्तर : मिळतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच दाखवलं होतं की नवी माहिती बरेचदा जुजबी ओळखीच्या माणसांकडून येते, कारण जवळच्या मित्रांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवरचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरी बदलताना फार जवळच्या ओळखींपेक्षा काहीशा दूरच्या ओळखी जास्त उपयोगी पडतात, असं त्यातही दिसलं.

पण नुसत्या ‘हाय सर’ला समोरच्याने काय उत्तर द्यावं? असं लिहून बघा : ‘नमस्कार. ग्रुपमधलं तुमचं एपीआय टेस्टिंगवरचं उत्तर वाचलं. मी दोन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करतोय, ऑटोमेशन शिकतोय. सुरुवात प्लेराइटने करावी की सेलेनियमने, तुमचं मत कळेल का?’ दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न असावा. सल्ला मिळाला की तो वापरून काय झालं ते कळवा. सीव्ही त्यानंतर पाठवा, पहिल्या निरोपासोबत नको.

प्रश्न : टेलिग्रामवरच्या एका नोकरीच्या ग्रुपमध्ये इंटरव्ह्यूआधी नोंदणी शुल्क मागतायत. भरू का?
– एक विद्यार्थिनी, पिंपरी

उत्तर : भरू नका. नोकरी देणारा पैसे मागत नाही. आधार, पॅन, ओटीपी काहीही देऊ नका. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच ग्रुप सोडा.